पोस्टडॉकची फेलोशिप: जाहिरात निघण्याआधीचं दीड वर्ष

पोस्टडॉकसाठीचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या काही वर्षांच्या संशोधनाच्या कामासाठीचा, माझा पहिला अर्ज मी थिसिस जमा केल्यावर तीन आठवड्यांनी पाठवला. त्याआधी डोक्यात दुसरं काही शिरायला जागाच नव्हती. जिच्यावर डोळा होता त्या फेलोशिपची मुदत दीड महिन्यापूर्वी टळली होती आणि पुढची फेरी दहा महिने लांब होती. तहान लागल्यावर विहीर खणणं कशाला म्हणतात, ते तेव्हा समजलं. पुढे दोन पोस्टडॉक झाले, मग अर्ज वाचणाऱ्यांच्या बाजूलाही बसायची वेळ आली. दोन्हीकडून पाहिल्यावर एक गोष्ट मनाशी पक्की झाली: जाहिरात हा या शोधाचा शेवटचा टप्पा आहे. ती निघते त्याच्या बरंच आधी कुठल्यातरी प्राध्यापकाला पैसा मंजूर झालेला असतो, कसा माणूस हवा हे ठरलेलं असतं, कधीकधी तर नावही मनात असतं. तुम्हाला पोहोचायचं आहे ते त्या आधीच्या काळात.

कोणाच्या पैशावर जायचं?

पोस्टडॉक म्हटलं की लोक एकच गोष्ट समजतात, पण वाटा दोन आहेत. एकीत प्राध्यापकाकडे प्रकल्पाचं अनुदान असतं आणि तो तुम्हाला नोकरीवर घेतो. विषय बव्हंशी त्याचा, पगार त्याच्या ग्रँटमधून, निर्णय झटपट. दुसरीत फेलोशिप तुमच्या नावावर येते. प्रस्ताव तुमचा, स्पर्धा मोठी, निकाल यायला चार ते आठ महिने. पण पैसा तुमच्याबरोबर चालतो, त्यामुळे लॅबमध्ये तुमच्या शब्दाला वजन येतं आणि पुढे प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना 'स्वतंत्रपणे निधी मिळवला' अशी एक ओळ सीव्हीत कायमची बसते.

माझं मत विचाराल तर दोन्ही वाटा एकदमच धराव्यात. फेलोशिपचा प्रस्ताव ज्या प्राध्यापकाबरोबर लिहाल, त्यालाच विचारून ठेवा की ही मिळाली नाही तर ग्रँटमधून वर्षभराची सोय होऊ शकेल का. प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण समोरच्याला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट तुम्ही गांभीर्यानं येताय, हे त्याला कळतं.

फेलोशिपमध्येही जाती आहेत. काहींना तुम्ही थेट अर्ज करता. काहींना यजमान, म्हणजे ज्याच्या गटात जायचं तो प्राध्यापक, अर्ज करतो: जपानच्या जेएसपीएस संस्थेच्या नेहमीच्या पोस्टडॉक योजनेत अर्ज यजमान संशोधकाकडून त्याच्या संस्थेमार्फत जातो, उमेदवारानं फक्त कागद पुरवायचे. काहींना नामांकनच लागतं. बर्कलीच्या मिलर इन्स्टिट्यूटच्या फेलोशिपसाठी स्वतः अर्ज करता येत नाही, कोणीतरी नाव सुचवावं लागतं. पीएचडीनंतर विषय बदलू पाहणाऱ्यांसाठी असलेल्या श्मिट सायन्स फेलोज योजनेत नाव तुमच्या पीएचडीच्या विद्यापीठानं पाठवायचं असतं, आणि विद्यापीठ आपली अंतर्गत चाळणी महिनोन्‌महिने आधी लावतं. योजनेच्या मुख्य पानावरची तारीख बघून निवांत राहिलेला माणूस इथे हमखास फसतो.

घड्याळ कधी सुरू होतं ते तपासा

बहुतेक फेलोशिपची पात्रता वयावर ठरत नाही. पीएचडीच्या तारखेपासून किती काळ लोटला, ते बघतात. जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानची पोस्टडॉक फेलोशिप पीएचडीनंतरच्या ४ वर्षांत मागावी लागते. जेएसपीएसमध्ये ही मर्यादा ६ वर्षांची आहे. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतरचा ८ वर्षांपर्यंतचा संशोधनानुभव चालतो. अमेरिकेत एनआयएच या संस्थेकडून आरोग्यविज्ञानासाठी दिल्या जाणाऱ्या के९९ पुरस्काराला पोस्टडॉकचा अनुभव ४ वर्षांपेक्षा जास्त असून चालत नाही. तिथल्या एफ३२ फेलोशिपला मात्र नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना हवाच, के९९ला तो लागत नाही. एकाच संस्थेच्या दोन योजनांत असा फरक असतो, म्हणून 'परदेशी लोकांना देत नाहीत' हे ऐकीव वाक्य स्वतः नियम वाचल्याशिवाय खरं मानू नका.

दुसरी मेख स्थलांतराच्या नियमाची. मारी क्यूरी फेलोशिपमध्ये अंतिम तारखेच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा तिथे मुख्य काम केलेले नसावे. आता विचार करा: तुम्ही आधी ग्रँटवरच्या नोकरीसाठी त्या देशात गेलात आणि म्हणालात, तिथे पोहोचून सावकाश फेलोशिपचा अर्ज करू. तेरा महिन्यांनी दार बंद. हुशार माणसांना मी यात अडकताना पाहिलंय. ज्या देशात जायचं त्या देशाची फेलोशिप आधी, नोकरी नंतर, असा क्रम लावता येतो का ते बघा. बाळंतपण, आजारपण, सक्तीची लष्करी सेवा यांसाठी बऱ्याच योजना घड्याळ काही काळ थांबवतात. त्याचे पुरावे लागतात, ते हाताशी ठेवा.

आता उलटी मोजणी करा. पीएचडी पूर्ण होण्याची अंदाजे तारीख कागदावर लिहा आणि मागे या. त्याआधी दीड वर्ष: वीस-पंचवीस नावांची यादी. पंधरा महिने: त्यातल्या सहा-आठ जणांना पत्र. वर्षभर आधी: दोन किंवा तीन यजमान नक्की आणि प्रस्तावाचा पहिला मसुदा. मारी क्यूरीची मुदत साधारण सप्टेंबरात असते, खगोलशास्त्रातल्या नासा-हबल फेलोशिपची नोव्हेंबरच्या सुरुवातीला, हुम्बोल्टचे अर्ज वर्षभर केव्हाही चालतात. तारखा दरवर्षी थोड्या हलतात आणि नियमही बदलतात, म्हणून त्या वर्षाची नियमपुस्तिका उतरवून घ्या. मागच्या वर्षी निवड झालेल्या मित्राच्या आठवणीवर विसंबू नका.

माणूस शोधायचा, विद्यापीठ नव्हे

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. पीएचडी संपत आलेली मुलं विद्यापीठांच्या क्रमवारीची यादी उघडून वरून खाली जाऊ लागतात. पोस्टडॉकची दोन-तीन वर्षं तुम्ही विद्यापीठात काढत नसता, एका गटात काढता. नावाजलेल्या विद्यापीठातही अशी लॅब सापडेल जिथे आठ महिने कोणी कोणाशी धड बोललेलं नाही.

सुरुवात आपल्याच थिसिसच्या संदर्भसूचीतून करा. गेल्या चार वर्षांतले कोणते पेपर तुम्ही पुन्हापुन्हा उघडलेत? त्यांचे शेवटचे (बहुधा गटप्रमुख) किंवा पत्रव्यवहारासाठीचे लेखक कोण? ही झाली पहिली दहा नावं. मग तुमचं काम कोणी उद्धृत केलं ते बघा. ते लोक तुम्हाला अर्धवट ओळखतातच. परिषदेत ज्यांनी तुमच्या पोस्टरपुढे पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ काढला, तेही या यादीत हवेत.

यानंतर पैशाचा माग काढा. ही युक्ती फार कमी लोक वापरतात, म्हणून जरा तपशिलात सांगतो. सार्वजनिक पैशातून दिलेली अनुदानं बऱ्याच देशांत खुली नोंदलेली असतात. अमेरिकेत विज्ञानाला निधी देणाऱ्या एनएसएफ संस्थेची 'अवॉर्ड सर्च' आणि एनआयएचची 'रिपोर्टर', युरोपीय संघाची 'कॉर्डिस', जर्मनीची 'गेप्रिस', ब्रिटनची 'गेटवे टू रिसर्च'. विषयाचा शब्द टाका आणि निकाल सुरू होण्याच्या तारखेनुसार लावा. गेल्या सहा महिन्यांत सुरू झालेला, चार-पाच वर्षं चालणारा प्रकल्प दिसला की समजा, त्या माणसाला हात हवे आहेत आणि त्याची जाहिरात कदाचित अजून लिहूनही झालेली नाही. प्रकल्पाचा सारांशही तिथेच असतो. पत्रात कशावर बोलायचं ते त्यातून कळतं. युरोपियन रिसर्च कौन्सिलची 'स्टार्टिंग ग्रँट' ५ वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत असते आणि तिचे निकाल बहुधा सप्टेंबरात येतात. त्या यादीतले लोक पुढच्या काही महिन्यांत गट उभारत असतात. उलट, ज्याचा प्रकल्प चार महिन्यांनी संपतोय आणि नवा दिसत नाही, तो कितीही मोठा असला तरी नोकरी देऊ शकेल याची शाश्वती नाही. त्याच्याकडे जायचं तर स्वतःची फेलोशिप घेऊनच.

पेपरच्या शेवटचा आभाराचा परिच्छेदही वाचा. 'अमुक लेखकाला तमुक फेलोशिपचा आधार' असं तिथे लिहिलेलं असतं. तुमच्या विषयातले लोक खरोखर कुठल्या फेलोशिपवर जगतात, हे या ओळींतून जितकं कळतं तितकं कुठल्याही तयार यादीतून कळत नाही. वीस पेपरचे आभार वाचायला एक संध्याकाळ पुरते, आणि तुम्ही नावही न ऐकलेल्या दोन-तीन योजना हाती लागतात.

नव्यानं प्राध्यापक झालेल्याकडे जावं की दिग्गजाकडे? नव्याला तुमची गरज असते, तो रोज भेटतो, पण त्याचं शिफारसपत्र अजून तोलाचं नसतं. दिग्गजाच्या गटात यंत्रं आणि ओळखी असतात, मात्र तुम्ही बाराव्या क्रमांकाचे पोस्टडॉक असू शकता. मला नव्याकडचं वर्ष जास्त फळलं. हा नियम नाही, अनुभव आहे.

जाहिराती तरीही बघाव्यात

शेवटचा टप्पा म्हणून त्यांना वगळायचं कारण नाही. युरोपसाठी 'युरॅक्सेस', ब्रिटनसाठी 'जॉब्स डॉट एसी डॉट यूके', सर्वसाधारणपणे 'नेचर करिअर्स' आणि 'सायन्स करिअर्स'. गणितवाल्यांचं बरंचसं जग 'मॅथजॉब्स'वर चालतं, कणभौतिकीवाल्यांचं 'इन्स्पायर' आणि 'अ‍ॅकॅडेमिक जॉब्स ऑनलाइन'वर, खगोलशास्त्रज्ञांचं अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या जॉब रजिस्टरवर. आपल्या शाखेचा पार ओळखा आणि तिथे आठवड्यातून एकदा बसा. रोज बसलात तर काम होत नाही, नुसती धाकधूक वाढते. याखेरीज बऱ्याच मोठ्या विद्यापीठांच्या स्वतःच्या फेलोशिप असतात (ईटीएच झुरिचची पोस्टडॉक योजना, केंब्रिज-ऑक्सफर्डच्या कॉलेजांच्या ज्युनियर रिसर्च फेलोशिप), त्या सर्वसाधारण संकेतस्थळांवर नेहमी दिसतातच असं नाही.

पहिलं पत्र

प्राध्यापकांना येणारी बहुतेक पत्रं 'आदरणीय सर, मी आपल्या थोर कार्यानं प्रभावित झालो' अशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. एकच मजकूर चाळीस जणांना गेलाय, हे वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतं. शितावरून भाताची परीक्षा होते ती इथे. तुमचं पत्र इंग्रजीत जाईल, पण त्याचा मजकूर साधारण असा असावा:

"सच्छिद्र इलेक्ट्रोडमधल्या आयनांच्या वहनावरचा आपला मागच्या वर्षीचा पेपर वाचला. चौथ्या आकृतीत जास्त प्रवाहघनतेला मॉडेल आणि मोजमाप एकमेकांपासून दूर जातात. पीएचडीत मी अशाच पदार्थांचं एक्स-रे टोमोग्राफीनं त्रिमितीय चित्रण केलं आहे. छिद्रांची खरी भूमिती मॉडेलमध्ये घातली तर ही तफावत किती उरते, ते तपासून पाहावंसं वाटतं. माझी पीएचडी मार्चमध्ये पूर्ण होईल. आपल्या गटात येण्यासाठी मी अमुक फेलोशिपला अर्ज करू इच्छितो. तिची मुदत सप्टेंबरात आहे. यावर वीस मिनिटं बोलता येईल का? सीव्ही आणि संबंधित प्रीप्रिंट जोडला आहे."

यात स्तुती नाही. समोरच्याच्या कामातली एक उघडी फट दाखवली आहे, ती बुजवायला स्वतःच्या हातात काय आहे ते सांगितलं आहे, पैशाचा मार्ग सुचवला आहे आणि उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता येईल एवढंच मागितलं आहे. ईमेलच्या विषयाच्या जागी 'पोस्टडॉकची चौकशी' लिहू नका; फेलोशिपचं नाव आणि वर्ष लिहा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको. प्राध्यापक उद्धट असतो असं नाही, पत्र खाली वाहून गेलेलं असतं.

शिफारसपत्रं

बहुधा तीन लागतात. पहिलं गाइडचं, ते नसेल तर निवड समितीच्या भुवया वर जातातच, म्हणून गाइडशी बिनसलं असेल तर दुसऱ्या शिफारसदाराला आधी सांगा, म्हणजे तो पत्रात योग्य शब्दांत संदर्भ देऊ शकेल. उरलेली दोन अशा लोकांची हवीत ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलंय. प्रसिद्ध माणसाची 'हा चांगला विद्यार्थी आहे' एवढीच तीन ओळींची चिठ्ठी कमी प्रसिद्ध माणसाच्या तपशीलवार दीड पानापुढे फिकी पडते.

शिफारसदाराला मुदतीच्या सहा आठवडे आधी एका पानाची टिपणी द्या: योजना कोणती, निकष काय, मुदत कधी, आणि त्यानं कुठल्या प्रसंगाबद्दल लिहिलं तर मदत होईल. अनेक लेखकांच्या पेपरमध्ये तुम्ही नेमकं काय केलं ते त्याला आठवत असेलच असं नाही. पेपरमध्ये कोणी काय केलं ते सांगायला 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची यादी अनेक नियतकालिकं वापरतात. तिच्या आधारानं तुमचा वाटा लिहून द्या. मुदतीच्या आठवडाभर आधी अर्जाच्या पोर्टलवर पत्र आलंय का तेही तपासा. चांगले अर्ज गळतात ते बऱ्याचदा तिसऱ्या पत्रापायी.

प्रस्ताव

वाचणारा तुमच्या शाखेतला असतो, तुमच्या विषयातला नव्हे. तो ते पान रात्री उशिरा, पंधराव्या अर्जानंतर वाचतो. पहिल्या अर्ध्या पानात तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: काय माहीत नाही, ते का महत्त्वाचं आहे, आणि तुम्ही नेमकं काय करणार. साहित्याचा आढावा पहिल्या परिच्छेदात घुसडणं हा पीएचडीचा संस्कार आहे. तो इथे सोडा.

मग वेळेची आखणी. दोन वर्षांत चार उद्दिष्टं लिहिणाऱ्याला समितीत कोणीतरी हळूच हसतो. दोन खात्रीची आणि एक धाडसी पुरेत. धाडसी उद्दिष्ट फसलं तर काय, याचं उत्तर त्याच परिच्छेदात द्या. नमुना मिळाला नाही, यंत्रावर वेळ मिळाला नाही, सिम्युलेशन स्थिरावलंच नाही, हे सगळ्यांच्या बाबतीत होतं. तुम्हाला ते आधी सुचलं का, एवढंच बघितलं जातं.

गुणांची विभागणी वाचल्याशिवाय लिहायला बसू नका. मारी क्यूरीत विज्ञानाच्या उत्कृष्टतेला ५० टक्के, परिणामाला ३० आणि अंमलबजावणीला २० असे गुण असतात. म्हणजे निम्मे गुण अशा भागांना आहेत जे बहुतेक जण शेवटच्या रात्री लिहितात. तुमच्या कारकिर्दीला यातून काय मिळेल, यजमान गटाला तुमच्याकडून काय मिळेल, निष्कर्ष कोणाकडे कसे पोहोचतील, हे भाग विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयाला दाखवा. तिथल्या लोकांच्या नजरेखालून आधी मंजूर झालेले अर्ज गेलेले असतात. मागच्या विजेत्यांकडे त्यांचा प्रस्ताव मागायलाही लाजू नका. निम्मे लोक देतात.

'इथेच का?' या प्रश्नाचं उत्तर यजमानाच्या कीर्तीत शोधू नका. तिथलं अमुक उपकरण, तमुक डेटासंच, शेजारच्या विभागातला एक सहकारी, अशी ठोस नावं लिहा. आणि यजमानाच्या चालू प्रकल्पाहून तुमचा प्रस्ताव कुठे वेगळा आहे तेही. नाहीतर समितीला वाटतं, फेलोशिप तुमच्या नावावर, कल्पना प्राध्यापकाची.

मुलाखत, आणि तुम्ही घ्यायची मुलाखत

त्यांच्याकडून येणारे प्रश्न फारसे चकवणारे नसतात. 'पहिल्या तीन महिन्यांत काय कराल?' हा नक्की येतो, आणि 'प्रकल्पाला सुरुवात करू' हे त्याचं उत्तर नव्हे. कोणाकडून कुठलं तंत्र शिकणार, पहिली मोजणी कोणती, कधी थांबून फेरविचार करणार, ते सांगा.

तुमची चौकशी याहून महत्त्वाची. गटातल्या आताच्या दोघांशी आणि सोडून गेलेल्या निदान एकाशी, प्राध्यापक नसताना, बोला. मागचे पोस्टडॉक किती वर्षं होते आणि आता कुठे आहेत? पेपरवर पहिलं नाव कोणाचं, असा वाद झाला तर मिटवतो कोण? पेपरचा मसुदा प्राध्यापकाच्या टेबलावर किती दिवस पडतो? सोडून गेलेला माणूस 'ठीक होतं' म्हणून गप्प झाला, तर ते गप्प होणंच नीट ऐका. मी एकदा असं गप्प होणं कानाआड केलं होतं आणि त्याची किंमत चौदा महिन्यांनी मोजली.

नकार आला तर, होकार आला तर

नकाराबरोबर परीक्षकांचे शेरे येत असतील तर ते दोन दिवस बाजूला ठेवा, मग वाचा. मारी क्यूरीत ८५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण मिळूनही निधी न मिळालेल्यांना 'सील ऑफ एक्सलन्स' मिळतं आणि काही देशांच्या स्थानिक योजना ते बघून पैसे देतात. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं. उलट गुण फार कमी आले तर पुढच्या वर्षी त्याच यजमानाबरोबर अर्जाला बंदी येऊ शकते, म्हणून कच्चा अर्ज 'बघू तरी' म्हणून टाकू नका.

होकार आला तर लगेच सही करू नका. खगोलशास्त्रात १५ फेब्रुवारीच्या आधी उत्तर द्यायला उमेदवारावर दबाव आणू नये असा संकेत आहे. सगळ्याच शाखांत असा संकेत नाही, तरी दोन आठवड्यांची मुदत मागितली तर बहुधा मिळते. पैसा पगार म्हणून येणार की स्टायपेंड (विद्यावेतन) म्हणून, ते विचारा. वरवर रक्कम सारखी दिसली तरी कर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन आणि बाळंतपणाची रजा यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडू शकतं. करार एकेक वर्षाचा असेल तर नूतनीकरण कशावर अवलंबून आहे ते लेखी घ्या. व्हिसाचा प्रकार आधीच ठरवा: अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर संशोधक म्हणून जास्तीत जास्त ५ वर्षं राहता येतं, तो कार्यक्रम संपल्यावर त्याच प्रकारात परतायला २४ महिने थांबावं लागतं, आणि काहींना दोन वर्षं मायदेशी राहण्याची अटही लागू होते.

शेवटचा एक प्रश्न प्राध्यापकाला समोरासमोर विचारा आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या: मी इथून गेल्यावर या विषयाचा कुठला भाग माझ्याबरोबर नेऊ शकेन?